मागच्या भिंतीचा गिलावा

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली मागून 'ढेकूळ' म्हणायची. मीही म्हणायचे, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. माणूस होताच तसा. शब्द टाकला की समोरच्याच्या कपाळात बसायचा. चाळीस वर्षं त्यांनी उन्हात वाळवायच्या मातीच्या विटा पाडल्या. माती भिजवायची, भुसा घालून पायांनी तुडवायची, दोन दिवस मुरू द्यायची, मग लाकडी साच्यात मुठीनं दाबून ओळीनं पाडायची. तिसऱ्या दिवशी प्रत्येक वीट आडवीची उभी करायची. घरात कुणी तापानं फणफणलं तरी चालेल, वीट उलटायची वेळ टळता कामा नये.

लग्नानंतर आठवडाभरातच मी विचारून बसले, "मामंजी, या कच्च्या विटा कुठं ठेवू?"

त्यांनी माझ्या हातातली वीट घेतली आणि कमरेच्या उंचीवरून माझ्या पायाशी टाकली. तुटली नाही.

"ही कच्ची नाही, वाळलेली आहे. कच्चं तुझं डोकं."

मी रडले नाही. पण त्या दिवसापासून आमचं हाडवैर जमलं, आणि मी ते मन लावून पाळलं.

घरही त्यांच्याच विटांचं. भिंती दरवर्षी मातीनं लिंपायला लागायच्या, आणि लिंपणार कोण? मी. नवरा गवंडी, सिमेंटचं काम शिकलेला. बापाला एकदा दाखवून द्यायची खुमखुमी त्यालाही होतीच, मी फक्त रोज कान भरले. मामंजी चार दिवस परगावी कामाला गेले, तेवढ्यात आम्ही मागच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. गुळगुळीत, राखाडी. मी तिच्यावर हात फिरवला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मामंजी परतले. भिंत बोटानं ठोकून पाहिली.

"नाकतोंड दाबलंत हिचं."

"आता बाहेरचं पाणी आत येणार नाही, बाबा," नवरा म्हणाला.

"आणि जमिनीतून चढलेली ओल कुठून जाणार? तुझ्या नाकातून?"

मग दोन वर्षं ते नवऱ्याशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलायचे, पण त्यापेक्षा अबोला परवडला असता.

तोवर गल्लीत सगळ्यांनाच सिमेंटचं वेड लागलं. मातीच्या विटा घेणारं एकच गिऱ्हाईक उरलं, दूधवाला. त्याच्या दोन खोल्यांसाठी आमच्या अंगणात दोन हजार विटा वाळत होत्या. तो फिरला असता तर मामंजींचा धंदा बंद, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

नेमकी त्याच महिन्यात, भरदुपारी, मागची भिंत कोसळली. खोलीत कुणी नव्हतं, एवढं नशीब. गिलाव्याचे तुकडे टणक होते, आणि त्यांच्या मधल्या विटांचा नुसता चिखल झालेला. मी ढिगाऱ्यात हात घातला तर कोपरापर्यंत रुतला. सिमेंटनं ओल आत कोंडली होती. मला कळलं. नवऱ्यालाही कळलं, कारण त्यानं मान खाली घातली.

आवाज ऐकून माणसं जमली, त्यात दूधवालाही. त्यानं मामंजींना विचारलं नाही, मला विचारलं.

"वहिनी, खरं सांगा. भिंत सिमेंटनं गेली की विटांनी?"

नवरा माझ्याकडे बघत होता. चारचौघांत त्याच्या कामाची शोभा होणार होती. मामंजीही बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मला हे फार आवडलं.

"विटांनी," मी म्हणाले. "मातीच ती शेवटी."

खोटं बोलले. आणि बरं वाटलं, हेही सांगून टाकते. संध्याकाळपर्यंत पुरलं ते बरं वाटणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याचा निरोप आला, विटा नकोत. मामंजींनी कुणाला शिवी दिली नाही. टाकीची नळी ओढत आणली, विटांच्या रांगांवर पाणी सोडलं, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि तुडवायला लागले. विटा पायाखाली मऊ होत होत्या. कडा गेल्या, मग आकारही गेला. मी धावत अंगणात आले.

"मामंजी, थांबा. मी आत्ता जाते दूधवाल्याकडे, खरं काय ते सांगते."

ते थांबले नाहीत. वरही बघितलं नाही.

"बाजूला हो," म्हणाले. "पाय बरबटतील तुझे."