होसियत-आपाचा आकडा

ताश्कंदच्या एका रसायन संस्थेत तळमजल्यावरच्या खोलीत होसियत-आपाने अठरा वर्षं एकच काम केलं. पदार्थ जाळायचा आणि त्यात नायट्रोजन किती ते सांगायचं. वरच्या मजल्यावरचे संशोधक डोंगरातल्या झाडपाल्यातून नवनवे पदार्थ काढत, पण आपाचा आकडा आल्याशिवाय त्यांचं सूत्र कोणी मानत नसे. शिक्षण तिचं तंत्रशाळेपुरतंच. हात मात्र असा, की चिमटीत धरता न येणारी इवलीशी पूडही ती तराजूवर सहज तोलायची.

एका वसंतात बोतिर नावाचा तरुण संशोधक पांढरी पूड घेऊन आला. त्याचा प्रबंध या एका आकड्यापाशी अडला होता. त्याच्या हिशेबाने नायट्रोजन ९.८ टक्के निघायला हवा होता. आपाने पूड तांब्याच्या ऑक्साइडमध्ये कालवली, काचेच्या नळीत भरून जाळली, आणि निघालेला वायू मोजला. आकडा आला ७.२. मग ७.९. मग ६.८.

"आपा, यंत्र म्हातारं झालं की तुमचे डोळे?"

"डोळे शाबूत आहेत. आज दाढी करायची राहिलीय तुझी, तेही दिसतंय."

बोतिर ओशाळला. मग हळूच म्हणाला, "९.८ लिहून टाका ना. कोण बघतंय?"

"मी बघतेय की! जे मोजलं नाही ते मी लिहायची नाही, बोतिरजान. ऊठ, जा वर."

तो गेला, पण बोलणं तिला लागलं. ओळखीचा एक पदार्थ तिने त्याच यंत्रावर जाळून पाहिला. आकडा चोख आला. म्हणजे यंत्रात खोट नव्हती. मग तिने बोतिरची नळी रिकामी केली आणि आतला ऐवज भिंगाखाली धरला. काळे बारीक कण चमकत होते. पूड पुरती जळलीच नव्हती. उरलेला नायट्रोजन कोळशात दडी मारून बसला होता.

पुढचे नऊ दिवस ती त्या पुडीच्या मागे लागली. आच वाढवली तर काच मऊ पडली, म्हणून क्वार्ट्झची नळी मिळवली. ऑक्साइड आणखी बारीक खलला, त्यात जळणाला जोर देणारं केशरी डायक्रोमेट मिसळलं, ज्योत मुंगीच्या पावलाने पुढे सरकवली. आपल्या मिश्रणातून नायट्रोजन येत नाही ना, हे आधी नुसतंच मिश्रण जाळून तपासलं. मग पूड घातली. ९.७. ९.८. पुन्हा ९.८. नळीत काळा कण औषधालाही नव्हता.

आकड्यांची वही तिने उघडीच ठेवली. दार उघडून जिन्यातून हाक मारली, "बोतिरजान! ये, तुझ्या डोळ्यांनी बघ!"

प्रबंधाच्या सभेत मॉस्कोहून आलेले परीक्षक अडून बसले. "असले पदार्थ आमच्याकडेही धड जळत नाहीत. हा आकडा आणलात कुठून?"

बोतिर म्हणाला, "ते आपाच सांगतील. मला जमलं नव्हतं. मी तर त्यांना खोटा आकडा लिहायला सांगितला होता."

आपा पांढऱ्या कोटातच फळ्यापाशी गेली आणि तिने आपल्या उझबेकी वळणाच्या रशियनमध्ये सगळं सांगितलं. परीक्षकांनी लेखणी काढली.

"ऑक्साइड किती बारीक, म्हणालात?"

"सुरम्याइतका," ती बोटं चोळून म्हणाली.

ती पद्धत छापून आली तेव्हा बोतिरने तिचं नाव आपल्या आधी घातलं. दुसऱ्या वर्षापासून दूरदूरच्या शहरांतली माणसं हट्टी पुड्या घेऊन तिच्या खोलीशी येऊ लागली. तिचा नवरा तुर्सुन ट्रॅम चालवायचा. छापील कागद त्याने काचेच्या कपाटात, चहाच्या वाडग्यांशेजारी उभा केला. त्यातली एकही ओळ त्याला कळत नसे. पण पाहुणा आला, की पहिला चहा ओतायच्या आत तो बायकोच्या नावावर बोट ठेवून दाखवी.