सुलूच्या साडीवरची हळद

मैत्रिणींनो, आठवतं का, वरणानं पिवळे झालेले आपले पांढरे ब्लाउज वाशीची सुलू हॉस्टेलच्या गच्चीवर वाळत घालायची? "हळद घासू नका गं, उन्हात टाका, आपोआप उडतीय," म्हणायची.

सुलू वारली, त्याआधी तिनं तिची लग्नातली रेशमी साडी माझ्याकडे ठेवली होती. लेकीला, मीनलला, तिच्या लग्नात द्यायला. लग्न आठवड्यावर आलंय, म्हणून आज ती साडी तुळजापूरला देवीपुढं ठेवून आणली. ओटीतली हळद घडीवर सांडली.

घरी येऊन साबण लावला, तर डाग लालभडक झाला. मी घाबरले आणि मोरीत वापरायचं ब्लीच ओतलं. रेशीम माझ्या बोटांखालीच विरलं.

मीनलला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, रडू नका. हळद लागलेलीच नेसले असते की मी."

तेव्हापासून नुसती बसून आहे. सुलूचं एवढं साधं सांगणं मी कशी विसरले? तुमच्यापैकी कुणाला तरी आठवलं असतं का?

पदर आणि काठ शाबूत आहेत. पदर मीनलला देईन. काठाचे तुकडे तुम्हा तिघींना पाठवते. भोकं पडलेला मधला भाग माझ्याकडेच राहू दे.