परतवलेला खांब

विगातीच्या अभ्यासाला तीन गुरू होते, आणि तीन सासवांच्या हाताखाली एकटी सून असावी तशी तिची गत झाली होती. संतचरित्रं शिकवणाऱ्या बाई म्हणत, "गोष्ट नीट ऐक, खरं-खोटं करत बसू नकोस." लाकूडकामाचे गुरुजी म्हणत, "गोष्टी राहू देत, गाठी बघ. लाकूड थापा मारत नाही." आणि वास्तुरचनेचे सर दोन्ही ऐकून घेऊन विचारत, "पण याचा नकाशा कुठाय?"

तिचा विषय म्हणजे तिच्याच गावची मशीद. जावा बेटावरच्या ब्लोराच्या सागवानी डोंगरातली, म्हाताऱ्या संतानं, म्बाह म्हणजे आजोबा लुंतानं बांधलेली. चार खांबांवरचं छप्पर, आणि त्यातला पूर्वेचा खांब उलटा, म्हणजे बुंधा वर, शेंडा खाली. जावात गोठ्याची मेढसुद्धा कुणी अशी रोवत नाही. घराचं वाटोळं होतं. म्बाहनं मात्र मुद्दाम रोवला म्हणे, देवापुढं माणसानं उलटं व्हावं म्हणून. विगातीची आई रुबिनेम दरवर्षी म्बाहच्या पुण्यतिथीला बायांच्या घोळक्यात पुढं बसून त्या खांबाचं कडवं गायची. त्या खांबाला पाठ लावून विगाती लहानाची मोठी झाली. एकदा खांब सुलटा दिसतो का बघायला ती मशिदीतच डोक्यावर उभी राहिली होती आणि आईचा धपाटा खाऊन पायांवर आली होती.

यंदा त्या खांबाला वाळवी लागली. छपराला टेकू देऊन तो काढला, नवा सागवान आला, अन् तो कसा रोवायचा यावरनं गावात जुंपली.

मशिदीत बांग देणारे मोदिन म्हणाले, "गाण्यातला शब्द 'बालिक'. म्हणजे परतवला. म्बाहनं तो ओंडका रानात परत धाडला, त्यात पाखरांचं घरटं होतं म्हणून. उलटा कसला? संत होता का खुळा?"

रुबिनेम ओढणी खोचून उठली आणि मानाचं 'पाक' लावून म्हणाली, "पाक मोदिन, तव्यावरची सोयाबीनची टेंपे-वडी बालिक करतात म्हणजे उलथतात, ती काय दुकानदाराला परत धाडतात व्हय?"

हसं झालं, पण मोदिन हटले नाहीत. "आपली पोर, न्दुक विगाती, शिकलेली हाय. ती सांगंल तसा रोवू. सुलटा निघाला तर ते कडवं बंद. पुण्यतिथीला खोटं गायचं न्हाई."

आईनं विगातीकडं बघितलं. ते कडवं तिनं तिच्या आईकडनं घेतलं होतं. त्याच कडव्यात तिचा सूर सगळ्यांत वर चढायचा.

विगाती जुन्या खांबाशी जाऊन बसली. फांदी वर जाते, म्हणून गाठीचा कल बघितला की बुंधा कळतो. वरच्या अर्ध्यात गाठी खाली कललेल्या. उलटा! मग खालचं अर्धं बघितलं, तर तिथं गाठी वर कललेल्या. मधोमध सांधा, इतका बेमालूम की नखाला लागेना. दोन झाडं, एक उलटं, एक सुलटं. मूळचं कुठलं आणि मागाहून जोडलेलं कुठलं? की म्बाहनंच दोन्ही एकत्र बसवली?

"काय निघालं?" सुतार पाक सारमिननं विचारलं.

"दोन्ही."

"झ्याक! मग आता नवा मधनं कापू का?"

दोर लागले, माणसं लागली. नव्या खांबाच्या बुंध्याला सारमिननं चुन्याचं बोट ओढलं होतं. तो बुंधा पायथ्याच्या दगडाकडं होता. मोदिन तिच्याकडं बघत होते, आई दुसरीकडंच बघत होती. विगातीला 'उलटा' म्हणायचं होतं, तिला 'माहीत नाही' म्हणायचं होतं. तोंडातनं लहानपणापासनं घोटलेला शब्दच आला.

"बालिक."

निम्म्या गड्यांनी खांब फिरवला. उरलेले ओरडले, "अरे, व्हता तसा परत करा म्हनती ती!" पुन्हा फिरवला. "न्हाई, उलटा!" आणखी फिरवला. धूळ उडाली, कुणाचा तरी पाय चिरडला, शिव्या झाल्या. शांत झालं तेव्हा दोराच्या घासणीत चुन्याचं बोट पार पुसून गेलं होतं.

"बुंधा कंचा?" मोदिन म्हणाले.

सारमिननं दोन्ही टोकं ठोकली, हुंगली, एक चाटून बघितलं. "पाक, तुमीच म्हणला व्हता बिनगाठीचा आणा. लेकराच्या गालावानी आणलाय. आता मला काय इचारता?"

सगळी विगातीकडं वळली. तिनं खाली बसून बोटं फिरवली. रेषा सरळ धावत होत्या, इकडनं तिकडं आणि तिकडनं इकडं. तिनं नकारार्थी मान हलवली.

छप्पर टेकूवर किती वेळ ठेवणार? खांब उभा झाला.

पुण्यतिथीला रुबिनेम कडव्यापाशी आली तशी मोदिनांकडं बघून थांबली. मोदिनांनी खांबाकडं बघितलं, दाढी खाजवली आणि हातानंच 'चालू द्या' केलं. तिचा सूर चढला.

गाणं संपल्यावर विगाती आईजवळ सरकली. "म्बोक, तू गाताना काय समजतेस? उलटा, का परत धाडलेला?"

"गाताना कुठं समजायचं बाई? तिथं दम पुरवायचा असतो." आईनं तिच्याकडं भाताची पुडी सारली. "अन् तू आता तुझ्या त्या तिघांना काय सांगणार?"

विगातीनं नव्या खांबाला पाठ लावली. ओल्या सागाचा वास आला. तिनं पुडी सोडली आणि पहिला घास आईपुढं धरला.