अठ्ठेचाळीस सालचा डॉलर

"कडेनं धरा, तोंडावर बोट नको." अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी घरांत बाळ खांबेट्यांचं नाणं हाती देतानाचं हे वाक्य इतकं मुरलं होतं, की बारशाचं मूल त्यांच्या मांडीवर देताना बायका म्हणत, "काका, कडेनं धरा हं." काका हसत नसत. चौतीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते. निवृत्तीनंतर नदीपलीकडच्या कॅनडाचे जुने चांदीचे डॉलर, हाच त्यांचा संसार झाला होता.

त्यातल्या एकात त्यांचा जीव होता. १९४८ सालचा. हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि कॅनडाच्या नाण्यावर राजाच्या चेहऱ्याभोवती कोरलेलं 'हिंदुस्थानचा सम्राट' खोटं ठरलं. नवे ठसे लंडनहून यायला उशीर झाला, म्हणून त्या साली डॉलर फार थोडे पडले. "आपण सुटलो, आणि राजाचे दोन शब्द पुसले गेले," काका आवाज खाली आणून सांगत. ऐकणारा मध्येच चहाकडे वळला, की त्यांचा चेहरा उतरे.

दर पंधरा ऑगस्टला तो डॉलर देवांपुढे तबकात असे. नंतर काका तो दिव्याखाली तिरपा धरून हळूहळू फिरवीत. कुणाचा हात न लागलेल्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो; नाणं घासलं, की तो कायमचा जातो. "बघितलंत? फिरतोय. चौसष्ट." म्हणजे नाण्याच्या प्रतीला सत्तरपैकी चौसष्ट. लायब्ररीत भरणाऱ्या नाण्यांच्या क्लबात कॅनडाचं काहीही आलं, की त्यांचाच आकडा शेवटचा मानत.

वीणाकाकू नेमक्या त्या वेळी स्वयंपाकघरात काही आणायला जात.

अकरा वर्षांपूर्वी काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा पंधरा ऑगस्ट हॉस्पिटलातच गेला. काकूंनी नवऱ्याच्या वतीनं डॉलर बाहेर काढला. तो त्यांना काळवंडलेला वाटला. देवांच्या चांदीबरोबर त्यांनी तोही चिंच-मीठ लावून घासला, आणि घासता घासता नवऱ्याचं आयुष्य मागितलं. नवरा घरी आला. सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. पण पुढच्या वर्षी काका भिंगातून पाहून "चौसष्ट" म्हणाले, आणि काही बिघडलं नसावं, असं त्यांनी मनाला समजावलं.

यंदा क्लबातल्या सत्यजितनं विषय काढला. "काका, तुमच्या शब्दावर माझा ट्रस्ट आहे. पण नवे लोक आकडा छापून सील केलेली डबी मागतात. एकदा पारखणाऱ्या कंपनीकडे पाठवून टाकू ना."

"पाठव," काका म्हणाले, आणि क्लबात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "चौसष्ट आलं नाही, तर मी पुन्हा कुणाला आकडा सांगणार नाही."

शनिवारी सकाळी सत्यजित कंपनीचं पाकीट घेऊन आला. चिठ्ठीवर आकडा नव्हता. नाणं घासलेलं आहे, प्रत देता येत नाही, एवढंच होतं.

"अपील करू या," सत्यजित म्हणाला. "तिथेही माणसंच बघतात. चुकतात, यार."

"मी तुझा यार कधी झालो?"

काकू दाराशी उभ्या होत्या. "अहो, मी घासला होता तो. चिंचेनं."

"कधी?"

"तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा."

सत्यजितला हायसं वाटलं. "म्हणजे काकांची मिस्टेक नाहीच! मी क्लबात सांगतो सगळ्यांना."

काकांनी चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली. मग म्हणाले, "अकरा वर्षं. अकरा वर्षं मला त्यावर उजेड फिरताना दिसत होता."

काकूंना कळलं, की आपण नाण्याचं सांगितलं आणि यांचे डोळे काढून घेतले. "रागवा हो माझ्यावर," त्या म्हणाल्या.

"कशासाठी? चांदी काळी पडली, तू घासलीस. ओळखायचं काम माझं होतं." त्यांनी कपाटातून पाच पाकिटं काढली. लोकांनी पारखायला दिलेली नाणी. त्यांवर पेन्सिलीनं लिहिलेले आपले आकडे त्यांनी एकेक करून खोडले. पाचव्याचं खोडून झाल्यावर पेन्सिल टेबलावर ठेवली, ती घरंगळून खाली पडली. कुणी उचलली नाही. काका पाकिटं आजच्या क्लबात परत द्यायला उठले.

"मी ड्राइव्ह करतो, काका. लायब्ररी लांब आहे."

"नको."

त्या रस्त्यानं सहसा कुणी चालत नाही. दोन्ही बाजूंना कापलेलं गवत आणि बंद गॅरेजं. काका पाकिटं खिशात घालून निघाले. सत्यजित गाडीची किल्ली हातात घेऊन ड्राइव्हवेत थांबला. काकू उंबऱ्यावर होत्या. कोपऱ्यावर काका थांबतील असं त्यांना वाटलं. ते थांबले नाहीत, वळले. सत्यजित किल्ली खिशात टाकून आत गेला, तरी काकू तिथेच बघत उभ्या होत्या.