अर्धी वाट

असुकेसेच्या नानांनी भर सभेत स्वतः बोलायचं नाही, अशी रीत. ते पुटपुटणार आणि याव द्वोमो ते लोकांना ऐकवणार. नाना म्हणजे गावचे राजे, आणि द्वोमो त्यांचं तोंड. मामा वारला आणि त्याची ह्या मानाची, सोन्याचा वर्ख लावलेली काठी भाच्याकडे आली, तेव्हा द्वोमोचे केस काळे कुळकुळीत होते. नाना "हाकला त्या चोराला" असं पुटपुटले, तरी द्वोमो ते असं काही सांगायचा की चोर आपणहून उठायचा, वर हात जोडून आभार मानायचा. गावाला ह्या जिभेचा अभिमान होता. द्वोमोला तर तो जरा जास्तच होता.

नदीकाठची कोकोची बाग त्याच्या धाकट्या बहिणीची, अफुआ टिवाची. आजीकडून आईकडे आणि आईकडून तिच्याकडे आलेली. तिचं सारं घर त्या बागेवर उभं होतं. भाऊ जेवायला आला की ती उकडलेले कंद कुटून केलेल्या फुफूचा गोळा त्याच्यापुढे आदळायची आणि म्हणायची, "गावाला मध चाटवतोस, आणि इथे आलं की मीठ कमी, मीठ कमी!"

अपेआही ह्याच गावचा. शिकला आणि युरोपातल्या कुठल्याशा देशात आपला राजदूत झाला. परदेशी भांडवल इकडे वळावं म्हणून तिथे मेजवान्या देत फिरायचा. पण तिकडचे पैसेवाले म्हणायचे, तुमच्याकडे जमिनीवरून फार तंटे होतात. वरून हुकूम आला, देशाचं नाव सुधारा. मग अपेआला एक शहाणं, शांत गाव दाखवायचं होतं, आणि त्याला दुसरं कुठलं सुचणार? ताडतेलाच्या मळ्यासाठी नदीकाठ नकाशावर आधीच रंगवून झाला होता. टिवाची बाग त्याच्या ऐन मध्यावर होती.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी टिवा भावाच्या अंगणात येऊन बसली.

"दादा, उद्या ते आले रे आले की सांगून टाक. जमीन द्यायची नाही."

"असं कसं? आधी पाणी. मग आपली खुशाली. मग ते कशासाठी आले ते सांगणार. मग आपण. नानांचं उत्तर ठरलंय, टिवा. नाही म्हणजे नाही. मी असं मांडणार आहे की..."

"तू छानच मांडशील रे. पण अपेआ तोवर थांबेल? माझी संत्री चोरून पळायचा तो. पळायची सवय आहे त्याला."

"उत्तर ऐकल्याशिवाय पाहुणा उठत नाही."

"आणि अपेआ पाहुणा आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

द्वोमो हसला. तो हसायला नको होता.

दुसऱ्या दिवशी नानांच्या वाड्यापुढे मोठ्या छत्र्या उघडल्या. तीन गोरे पाहुणे आले, एक कॅमेरावाला आला आणि परीटघडीच्या कपड्यांत अपेआ आला. पाणी देऊन झालं. बायकांच्या घोळक्यातून टिवा भावाकडे टक लावून बघत होती. द्वोमो क्षणभर घुटमळला. पण इतक्या वर्षांचं वळण लागलेली जीभ ती. घरात मढं झाकून ठेवलेलं असलं, तरी आपल्याकडे पाहुण्याला आधी हेच सांगतात. खरं काय ते मागाहून.

"इथे सगळं शांत आहे," द्वोमो म्हणाला. "वाईट काही नाही. तुम्ही कशासाठी आलात, ते सांगा."

अपेआने ते पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, शब्दाला शब्द. ह्या बोलण्याचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता, असं मी म्हणणार नाही. अगदी लहानपणापासून तो हे ऐकत आला होता.

पाहुण्यांनी कारखाना सांगितला, नोकऱ्या सांगितल्या, दवाखाना सांगितला. नाना वाकून द्वोमोच्या कानात पुटपुटले. द्वोमो काठी घेऊन उठला, तोच अपेआही उठला.

"नाना, माफी असावी. मंत्रीसाहेब तिकडे शहरात, कुमासीत, खोळंबलेत. आम्हाला वाट द्या."

निघणारा पाहुणा वाट मागतो, आणि यजमान त्याला अर्धीच देतो. उरलेली अर्धी आपल्याकडे ठेवायची, म्हणजे त्याला परत यावं लागतं. पण उभ्या राहिलेल्या पाहुण्याला वाट नाकारलेली असुकेसेत कुणी पाहिली नव्हती. द्वोमोने नानांकडे पाहिलं. थकलेल्या म्हाताऱ्याने गोंधळून, जाऊ दे, असा हात हलवला.

"अर्धी वाट घ्या," द्वोमो म्हणाला. "आमचं उत्तर ऐकायला परत या."

दुसरं वाक्य अपेआने पाहुण्यांना सांगितलंच नाही. गाड्या धुरळा उडवत गेल्या.

ते परत आले नाहीत. कोकोची फळं पिवळी पडू लागली तेव्हा यंत्रं आली, सोबत पोलीस. टिवा झाडाला मिठी मारून उभी राहिली. फौजदार काही वाईट माणूस नव्हता. त्याने तिला मोबाईल दाखवला. "मावशी, काही तंटा नाही, असं तुमच्या गावानेच सांगितलंय की." मोबाईलमधून तिच्या भावाचा आवाज आला, इथे सगळं शांत आहे, वाईट काही नाही. कॅमेरावाल्याने त्या दिवशी टिपलेलं ते, मागे संगीत लावलेलं. देशोदेशीच्या सभांत अपेआ म्हणे तेच दाखवत होता. टिवाचे हात सुटले. दुपारपर्यंत बाग आडवी झाली.

द्वोमो कुमासीत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिला. सगळीकडचे साहेब मोबाईलवरचं तेच चित्रण पुढे करायचे. "मग काका, तेव्हा खोटं बोललात का?" एका साहेबाने विचारलं. द्वोमो म्हणाला, "नाही, ती रीत आहे." साहेबाने मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. गावात आल्यावर द्वोमोने काठी नानांच्या पायाशी ठेवली.

टिवा कुमासीत एका भाड्याच्या खोलीत राहायला गेली होती. कच्च्या केळ्यांचा घड घेऊन तो तिच्याकडे गेला. तिने स्टूल पुढे सरकवलं. पाणी आणून दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

"अगं, मी काय परका आहे?" तो कसनुसा हसला.

ती समोर बसली. "इथे सगळं शांत आहे," ती म्हणाली. "वाईट काही नाही. तुम्ही कशासाठी आलात, ते सांगा."

द्वोमो एवढंच म्हणाला, "टिवा, मी चुकलो गं."

तिने ऐकून घेतलं, परक्याचं ऐकावं तसं. शेवटी तो उठला, आणि सवयीने त्याने वाट मागितली.

"घ्या," टिवा म्हणाली. "सगळी घ्या."