बुर्कार्डचं बोट

जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत बुर्कार्ड ड्यूर पगारानं मेकॅनिक, पण मान प्राध्यापकाचा! लोखंडी गोळी पाटावर आदळली की बटणावरचं बोट उचलायचं. लागलेला वेळ घड्याळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचं. अकरा वर्षं त्याचा आकडा एकशे तीसच्या आसपासच. नवं यंत्र आलं की आधी बुर्कार्डला बसवायचं, अशी तिथली रीतच पडली होती.

महिनाभर मात्र आकडा वाढत चालला होता. सांगणार कोणाला? त्याच्या बापाचंही असंच सुरू झालं होतं. आधी हात मंदावला, मग नावं आठवेनात, आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात सख्ख्या बायकोला विचारलं, "बाई, तुम्ही कोण?" तरी म्हातारा छातीठोकपणे सांगायचा, "मला काही झालेलं नाही!"

एका रात्री बुर्कार्ड ताटातला आंबट कोबी चिवडत बसला, तशी त्याची बायको वाल्बुर्गा डाफरली, "अहो, गिळा की! ताटात भूत दिसलं का?"

"मी हल्ली विसरतो का गं?"

"माझं सांगितलेलं तेवढं विसरता. तेही लग्नापासून!"

तो हसला खरा, पण ताट तसंच बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी गोळी पडली, बोट उठलं. प्राध्यापक आमराइननी नेहमीचा प्रश्न विचारला, "आवाज झाला आणि बोट उचललं, त्याच्या मधे मनात काय झालं?"

बुर्कार्डनं आत डोकावून कोपरान् कोपरा धुंडाळला. "काही नाही, साहेब. नेहमीसारखंच." खरंच काही नव्हतं, आणि तेच त्याला खटकलं. बापालाही आत सगळं ठाकठीकच दिसलं असणार!

प्राध्यापकांनी घड्याळाच्या काट्याकडे पाहिलं. "एकशे नव्वद? छे! तुम्ही म्हणताय ना सगळं ठीक, मग यंत्रच बोंबललंय. तुमचा आकडा एकशे तीस येईपर्यंत घड्याळाची स्प्रिंग आवळा."

सुटलो, असंच बुर्कार्डला वाटलं. कुणाला कळणार होतं? त्यानं स्क्रूड्रायव्हर लावलादेखील. पण सकाळीच त्यानं दर वेळी नेमक्या तेवढ्याच वेळात पडणारा, घड्याळाच्या तपासणीचा हातोडा तीनदा पाडून पाहिला होता, आणि तिन्ही वेळा घड्याळ तंतोतंत निघालं होतं. त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"साहेब, घड्याळात खोट नाही. मला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवा."

"काहीतरीच काय! आत काही बिघडल्यासारखं वाटतंय का तुम्हाला?"

"नाही ना, साहेब," बुर्कार्ड म्हणाला, "म्हणूनच तर भीती वाटतेय."