नेस्तोरचे एकशे सत्त्याऐंशी दिवस

नेस्तोरला मोजता येत नाही, असं ग्रिम्सबीतली आमची सगळी फिलिपिनो मंडळी म्हणतात. मायदेशी, इलोइलोच्या शाळेत पंधरा वर्षं त्याने गणित शिकवलं. बायकोला, मिलाग्रोसला, इंग्लंडात नर्सची नोकरी लागली म्हणून तो इथे आला आणि मासे कापू लागला. त्याला म्हणे एकशे ऐंशीपर्यंत मोजता येत नाही!

नियम सरळ आहे. नर्सला पाच वर्षांनी कायम राहण्याचा परवाना मिळतो. नवऱ्यालाही मिळतो, पण कुठल्याही बारा महिन्यांत एकशे ऐंशीहून जास्त दिवस तो देशाबाहेर राहता कामा नये. आणि आईबाप दोघांना मिळाला, तरच मुलांना.

चौथ्या वर्षी नेस्तोरची आई अंथरुणाला खिळली. तो धावत गेला. एकशे सत्तेचाळिसाव्या दिवशी म्हातारी गेली. आमच्यात मेलेल्याचा आत्मा चाळिसाव्या दिवशी घर सोडतो. तोवर घरात पोटचं कुणीतरी लागतं. नेस्तोर परतला तो एकशे सत्त्याऐंशीव्या दिवशी.

मिलाग्रोसला परवाना मिळाला. नेस्तोरची पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू. लेक अमिहान बापाबरोबर लटकली. तिला डॉक्टरकीला जागा मिळाली होती. परवाना नाही म्हणून शिक्षणाचं कर्ज नाही, आणि परदेशी मुलांची फी नर्सच्या पगारात भागत नाही. जागा गेली.

"जन्मभर पोरांना पाढे शिकवलेस, आणि सात दिवसांनी चुकलास?" मिलाग्रोस ओरडली. तो मान खाली घालून बसला.

मी निवृत्त वॉर्ड सिस्टर, सगळ्यांचे अर्ज मीच भरते. दाद मागायला कागद चाळताना एक जुनं, न वापरलेलं परतीचं तिकीट हाती लागलं. एकशे शहात्तराव्या दिवसाचं.

"हे काय रे?"

नेस्तोरने उठून दार लोटलं. "आत ठेवा ते, ताई."

"म्हणजे मोजलं होतंस!"

"न मोजून कसं चालेल? पण अमिहानचा फोन आला. दहा वर्षांची होईतो आजीच्या कुशीत झोपलेली पोर. रडत म्हणाली, मला येता आलं नाही बाबा, तुम्ही तरी चाळिसाव्यापर्यंत थांबा. मला वाटलं, मयताचं कारण आहे, समजून घेतील."

"मग सांग की घरात! कशाला शिव्या खातोस?"

"काय सांगू? तुझ्या फोनमुळे तुझी जागा गेली, असं?"

मी तिकीट परत कागदांच्या तळाशी सरकवलं. अर्जातही ते लिहू दिलं नाही त्याने. अर्ज पोरगीच वाचून पोस्टात टाकणार होती. नकार आला.

अमिहान आता बापाशेजारी उभी राहून मासे कापते. परवा रविवारी चर्चनंतर जेवणं होती. नेस्तोर ताटं मांडत होता.

"मावशी, ताटं तुम्हीच मोजा हं," ती मला म्हणाली. "बाबा सातने चुकतात."

सगळे हसले. नेस्तोर सगळ्यांत मोठ्याने. "कच्चाच गं मी गणितात!"

मी ताटं मोजली. एकही कमी नव्हतं, एकही जास्त नव्हतं.